बोलावण्याशिवाय

उजाडायच्या थोडं आधी ग्यानबा उठला. त्याने घोंगडी झटकली, तिची घडी घातली आणि घोडीच्या खोगिराशेजारी ठेवली. मग तो वाघरीकडे गेला. रात्री मेंढ्यांभोवती मेखा रोवून उभं केलेलं ते सुतळीचं जाळं धुळीने ताठ झालं होतं. कोपऱ्यातली गाठ सोडायची, जाळं हातभर गुंडाळायचं आणि पुढच्या मेखेकडे सरकायचं, हे काम तो लहानपणापासून करत आला होता. एकच बाजू उघडायची असते. सगळी उघडली तर मेंढ्या चारी वाटा धरतात.

एक बाजू मोकळी झाल्यावर त्याने पालथ्या टोपल्यांसारखी डालगी उचलली. खालची कोकरं धडपडत बाहेर आली आणि ज्याची त्याची आई हुंगून तिच्या कासेला लागली. एका मेंढीचं कोकरू आठवड्यापूर्वी मेलं होतं, आणि एका कोकराची आई त्याच्याही आधी. ती मेंढी त्या पोरक्या कोकराला जवळ येऊ देत नव्हती. ग्यानबाने तिची मान दोन्ही गुडघ्यांत धरली, एका हाताने कोकरू कासेला लावलं आणि ते पिऊन होईपर्यंत तसाच उभा राहिला. मेंढी दोनदा उसळली. ग्यानबा हलला नाही.

तीन दगडांच्या चुलीवर त्याची बायको भिवरा भाकरी थापत होती. त्याचा बाप धोंडीबा एका मेंढीचा खूर वर करून त्यातला काटा शोधत होता. १९८८ सालचा शिमगा नुकताच झाला होता. पेडगावच्या शिवारातली ज्वारी निघाली होती, आणि मोकळ्या काळ्या रानात धसकटांशिवाय काही उरलं नव्हतं. या दिवसांत शेतकरी धनगरांना बोलावून मेंढ्या रानात बसवून घेत. रात्रभर बसलेल्या कळपाचं खत रानाला मिळे आणि धनगराला त्याबद्दल ज्वारी मिळे. धोंडीबाचा कळप पाच-सहा दिवसांपासून माणिकराव नावाच्या बागायतदाराच्या रानात बसत होता.

ग्यानबा फौजेत शिपाई होता. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याची पलटण जहाजाने श्रीलंकेत उतरली होती. आता तो रजेवर आला होता, आणि रजा संपत आली होती. परवा गाडी धरून मद्रासच्या छावणीत हजर व्हायचं, आणि तिथून पुन्हा जहाज.

आल्यापासून तो आजारी दिसत नव्हता की दुःखीही दिसत नव्हता. हाक मारली तर ओ देई, सांगितलेलं काम नीट करी. दोन दिवसांपूर्वी पिठल्यात मीठ घालायचं राहिलं होतं. त्याने ते सगळ्यांच्या आधी खाऊन हात धुतले. धोंडीबाने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, तेव्हा भिवराने नवऱ्याकडे पाहिलं. तो घोडीला पाणी दाखवत होता.

ऊन अंगावर आलं तेव्हा माणिकराव मोटारसायकलवर आला. गाडी बांधावर उभी करून तो चुलीजवळच्या दगडावर बसला आणि त्याने चहा मागून घेतला.

"काय जवान, लंका जाळून आलात म्हणं?"

"थोडी," ग्यानबा म्हणाला.

माणिकराव मोठ्याने हसला. "थोडीच कामून? शेपटाला चिंध्या कमी पडल्या का काय?"

धोंडीबाने विषय बदलला. "मालक, ह्या रानात आज रातीपस्तोर पुरं व्हतंय. उद्या आमी सोनपेठच्या वाटंला लागतो."

"उद्या कशाला? हिरीजवळचा तुकडा ऱ्हायलाय न. आज दुपारीच तिकडं वाघर रोव. दोन राती बसव अन् मंग जा कुठं जायचं तिकडं."

"बरं," धोंडीबा म्हणाला.

माणिकराव चहा संपवून गेला. धोंडीबाने आणखी काही विचारलं नाही. रान लागूनच होतं, मधला बांध पायाने पुसल्यासारखा झाला होता, आणि ज्याने इकडे बोलावलं त्यानेच तिकडे बोलावलं होतं.

दुपारी कळप लिंबाच्या सावलीला बसवून बापलेकांनी विहिरीजवळच्या तुकड्यात मेखा ठोकल्या आणि वाघर लावली. मेंढ्या आत घेतल्या तोच विहिरीकडून एक बाई चालत आली. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कपाळ मोकळं. ती मनकर्णा, माणिकरावाच्या धाकट्या भावाची, बन्सीधराची बायको. बन्सीधर गेल्या दिवाळीत वारला होता. तिच्या मागोमाग मोटारसायकलवर माणिकरावही आला. कुणीतरी त्याला वर्दी दिली असावी.

थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची त्या घरातल्या सुनांची रीत नव्हती. मनकर्णा माणिकरावाकडे पाठ करून धोंडीबासमोर उभी राहिली.

"धोंडीबा, ह्या रानात वाघर रोवायला तुमाला कोन सांगितलं?"

"मालकांनी, बाई."

"त्यांचं रान लिंबाच्या पलीकडं हाय. हे वाटणीत आमच्याकडं आलंय. ही हीर ह्यांनी सोता खांदली."

"धोंडीबा, सांग तिला," माणिकराव तिच्या पाठीमागून म्हणाला, "वाटणी तोंडी हुती. तोंडी वाटणीला कागद नसतोय."

"त्यांना इचारा, मंग सात-आठ सालं नांगर कोनाचा चालला इथं?"

"तिला म्हणावं, मागलं मागं गेलं. यंदा खत कोन बसवलं, रान कोन कसायलंय, ते तलाठी येऊन बघंल. चार लोकं बी सांगतील की मेंढरं म्या बसवली."

वाघरीतल्या मेंढ्या दाटीवाटीने बसल्या होत्या आणि रवंथ करत होत्या. धोंडीबाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो वाकला आणि जवळची मेख दोन्ही हातांनी हलवू लागला.

"काय करायलास?" माणिकरावाने विचारलं.

"मेख काढायलाव."

"आरं, म्या सांगितलंय न तुला. भांडण आमच्या घरातलं. मालकानं सांगावं अन् धनगरानं मेंढरं बसवावी. तुला काय करायचं हाय त्यात?"

"काहीच करायचं न्हाई, मालक. म्हणूनच काढायलाव."

"कागद दाखवला तर बसवशील?"

"ज्याचं रान त्यानं बोलवावं लागतंय. बोलावल्याबिगर आमी वाघर रोवत न्हाई. सकाळीच इचारायला पायजे हुतं, रान कोनाचं म्हणून. म्या इचारलं न्हाई. चूक माही हाय."

"मंग ज्वारी इसर."

"इसरलो."

"अन् पुढल्या साली ह्या शिवारात पाय ठिवून बघ."

"बरं," धोंडीबा म्हणाला. मेख निघाली. तो दुसरीकडे वळला.

माणिकरावाचा राग आता कुठे जाणार, तो ग्यानबाकडे गेला. "काय जवान, तुमच्या पलटणीत असंच चालतंय का? साहेबानं बसा म्हणावं अन् शिपायानं मेख काढावी?"

"एकजण म्हणला हुता," ग्यानबा म्हणाला, "न्हाई म्हणून."

"मंग?"

"नेला त्याला."

माणिकरावाने बांधावर थुंकून मोटारसायकल सुरू केली आणि तो निघून गेला. ग्यानबा समोरच्या बाजूच्या मेखा काढू लागला. त्याचे हात सरावाने चालत होते. मनकर्णा वाघर निघेपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि कळप उठल्यावर म्हणाली, "मेंढरांला पाणी पाजून न्या. हीर माही हाय."

दिवस कलताना त्यांनी गावाबाहेरच्या गायरानात बिऱ्हाड टाकलं. तिथे कोणाला विचारायचं कारण नव्हतं. भिवराने चूल मांडली. म्हाळसाबाई, ग्यानबाची आई, गुडघ्याच्या दुखण्यामुळे गावी घरीच होती, त्यामुळे इथे तिघंच होते. भाकरी झाल्यावर भिवराने ताटली नवऱ्यापुढे ठेवली, पण ती उठून गेली नाही.

"आवं, कोन म्हणला हुता न्हाई म्हणून?"

ग्यानबाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला.

"मुंजाजी. सोनपेठच्या बाजूचा हाय. आमच्याच तुकडीतला."

मग तो सांगू लागला. मध्ये न थांबता आणि आवाज न चढवता, कळप कुठून कुठे नेला हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मुंजाजी बारावी झालेला होता, वर्तमानपत्र वाचायचा. जहाजावर त्यांना सांगितलं होतं की तिथलं सरकार आणि बंडखोर या दोघांत भांडण आहे, ते सोडवायला जायचं, शांतता राखायची, हत्यारं जमा करून घ्यायची. महिना-दोन महिन्यांत त्या दोघांपैकी एकाशीच लढा म्हणून हुकूम आला. ज्यांनी पहिल्या दिवशी हार घातले, त्यांचीच घरं झडत्यांत उघडायची. मुंजाजी विचारायचा, ही लढाई जाहीर कोणी केली? कुठल्या दिवशी? आपल्या देशावर कोण चालून आलं? याचं उत्तर कोणापाशी नव्हतं. हवालदार म्हणायचे, तू डोकं चालवू नकोस, पाय चालव.

"एक दिवस गल्लीच्या टोकाकडून गोळी आली. कोनत्या घरातून आली ते कळलं न्हाई. शेवटच्या घरावर गोळा टाका म्हणून साहेबाचा हुकूम झाला. गोळा डागायची नळी मुंजाजीच्या खांद्यावर हुती. गोळा भरून द्यायचं काम माहं. आतून शेळी वरडायली हुती. मुंजाजीनं नळी खाली ठिवली. म्हणला, साहेब, आत कोन हाय ठावं न्हाई. ही लढाई कायद्यातली न्हाई. आता मी लढणार न्हाई. असं म्हणून पायरीवर बसला."

"मंग?" भिवराने विचारलं.

"मंग साहेबानं माह्याकडं बघितलं. म्या टाकला."

धोंडीबा चुलीतल्या निखाऱ्यांकडे पाहत होता.

"आत एक म्हातारा हुता. येकटाच. हातात दावं तसंच हुतं."

धोंडीबाने विचारलं, "शेळी?"

"जित्ती. दावं तुटून परसात पळाली हुती. कास दाटली हुती तिची, दोन दिस पिळली नसंल. म्या पिळली. भांडं नव्हतं. खालीच पिळली, मातीत."

ग्यानबाने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला आणि पुढचं सांगितलं. मुंजाजीला त्याच दिवशी गाडीत घालून नेलं. आता तो कोठडीत आहे, त्याच्यावर खटला चालेल, शिक्षा होईल, असं लोक बोलतात. तो भ्याला आणि बसला, असं साहेबांनी लिहिल्याचंही बोलतात.

"परवा गेलो तर परत तेच हाय, आबा."

धोंडीबाने हळूच विचारलं, "पर तू तर कसम खाल्ली हुतीस. फोटू धाडला हुतास, झेंड्याखाली हात वर केल्याला."

"खाल्ली हुती. आधी घटनेचं नाव घेतलं हुतं आमी, मंग साहेबाच्या हुकमाचं. मुंजाजी म्हणायचा, पहिलं नाव कोनाचं ते ध्यानात ठेव. मला तवा काय कळत नव्हतं. दोन्ही येकच हाय, असं वाटायचं."

धोंडीबा उठला, घोडीला वैरण टाकून परत आला, आणि बसता बसता म्हणाला, "नको जाऊ. बालाघाटाच्या डोंगरात कळप नेऊ. कापडं बदल, फेटा बांध, काठी घे. धनगरात धनगर. कोन वळखतंय? पोलीस घरी येतील, आपण घरी नसतोच. पावसाळ्यापस्तोर कुनाला सापडत न्हाई आपण. मंग पुढचं पुढं."

हे खरं होतं. रानोमाळ फिरणाऱ्या कळपामागचा माणूस कुठल्याच गावाला आपला वाटत नाही, आणि म्हणून कोणी त्याची चौकशीही करत नाही. ग्यानबाने त्याचा विचार केला. आपण फेटा बांधून मेंढ्यांमागे चाललो आहोत, फाट्यावर खाकी कपडे दिसले की कळपाच्या पलीकडच्या बाजूला जातो आहोत, आणि आबा पोलिसाला सांगताहेत की पोरगा फौजेत आहे. आबा आजवर कोणाशी खोटं बोलले नव्हते. ते त्यांना नीट जमलंही नसतं.

"न्हाई, आबा. लपलो तर मी भ्यालो असं व्हईल. मुंजाजीचं बी तेच ठरंल मंग. त्याच्यासंग तिथं दुसरं कोनी न्हाई."

"मंग काय करणार?"

"येळेवर जाईन. हजर व्हईन. अन् तिथंच सांगंन की जहाजात चढत न्हाई. गल्लीत काय झालं ते बी सांगंन, मुंजाजी भ्याला नव्हता म्हणून. नळी कोनी उचलली ते बी."

"शिक्षा व्हईल."

"व्हईल. वरीस, दोन वरीस. नौकरी जाईल. पेन्सल बी न्हाई मिळायची."

गावात भिवराला आता कुणी धनगराची सून म्हणत नसे, मिल्ट्रीवाल्याची बायको म्हणत. मानवतच्या बाजारात बायका तिच्यासाठी बाजूला सरकत. तिने ताटली पुढे सरकवली.

"जेवा आधी," ती म्हणाली. आणि मग, तो जेवू लागल्यावर, "गावात लोकं काय बी म्हणतील."

"म्हणतील."

"मला जेलात भेटायला येऊ देत्यात का?"

"देत असतील."

"इचारून ठिवा," भिवरा म्हणाली. "गेल्या गेल्या इचारून ठिवा. तुमी इचारत न्हाई काही, मंग पुन्हा मलाच वणवण व्हती."

धोंडीबा किंचित हसला. ग्यानबाला हसू आलं नाही, पण त्याने मान हलवली.

जायच्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखी वाघर सोडली आणि कोकरं मोकळी केली. मग अंघोळ करून पेटीतले गणवेशाचे कपडे काढले आणि घातले. धोंडीबाने देवाच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून त्याच्या कपाळाला लावला. फाट्यापर्यंत पेटी घोडीवर टाकून तो बरोबर आला. वाटेत दोघं यंदाच्या चाऱ्याबद्दल आणि आईच्या गुडघ्याबद्दल बोलले. एसटी आली तेव्हा धोंडीबा म्हणाला, "नीट जा." एवढंच.

मानवत रोडच्या स्टेशनकडे जाताना एसटी रस्त्याकडेच्या भिंतींजवळून जात होती. भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा एकीवर दुसरी रंगवलेल्या होत्या. काहींवर डांबर फासलं होतं. शेजारचा म्हातारा त्याच्या गणवेशाकडे पाहून सरकून बसला आणि त्याने त्याला खिडकीची जागा दिली. ग्यानबाने ती घेतली. बाहेर पाहत असताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. भीती किंवा वाईट वाटणं, काहीतरी. तसं काही वाटलं नाही. आगगाडीतही तो बराच वेळ झोपला.

मद्रासच्या छावणीत जहाजावर जाणाऱ्या शिपायांची नोंद पत्र्याच्या शेडमध्ये होत होती. टेबलामागे एक सुभेदार बसले होते, कोल्हापूरकडचे, मिशा पांढऱ्या होत आलेले. हजर झालेला प्रत्येक जण पुढे येई, नाव सांगे, किट दाखवी आणि उजवीकडच्या दाराने बंदराला जाणाऱ्या ट्रकमध्ये चढे. ग्यानबाची पाळी आली. त्याने सलाम ठोकला आणि नाव सांगितलं.

"उजवीकडे," सुभेदार म्हणाले.

"साहेब, मी हजर झालोय. पण जहाजात चढणार नाही."

सुभेदारांनी वर पाहिलं.

"बरं नाही का? आजारी म्हणून लिहू? डॉक्टरकडे पाठवतो. चार-आठ दिवस निघून जातील."

"मी बरा आहे, साहेब."

"घरी काही झालंय?"

"नाही. ही लढाई बेकायदा आहे, साहेब. मी तिथं एकदा हुकूम पाळला, तो पाळायला नको होता. आता पाळणार नाही. मुंजाजीच्या खटल्यात मला साक्ष द्यायची आहे, तेवढं वर कळवा."

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "तुला कळतंय ना तू काय बोलतोयस? मी हे ऐकलं की मला लिहावं लागेल. अजून लिहिलेलं नाही. ट्रक उभा आहे."

"लिहा, साहेब."

बाहेर ट्रकच्या चालकाने हॉर्न वाजवला. सुभेदारांनी डावीकडच्या भिंतीजवळच्या रिकाम्या बाकाकडे हात केला. ग्यानबाने पट्टा काढून टेबलावर ठेवला, टोपी काढून त्यावर ठेवली. मग जेलात घरच्यांना भेटायला येऊ देतात का, असं त्याने विचारलं. सुभेदार म्हणाले, देतात. ग्यानबा बाकावर जाऊन बसला, आणि मागचा शिपाई पुढे सरकला.